निमकरबाईंची खिडकी

पुण्याच्या आसपास ज्याला म्हाताऱ्या माणसांसाठी संस्था काढायची असते, त्याला संध्याकाळ सोडून दुसरं नाव सुचत नाही. आमच्या संस्थेच्याही नावात संध्याकाळ होती आणि गेटवर मावळत्या सूर्याचं मोठं चित्र होतं. निमकरबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या चित्राखाली उभ्या राहिल्या, चष्मा वर केला आणि संस्थेच्या मालकांना, म्हणजे आमच्या साहेबांना, म्हणाल्या, "आत येणाऱ्याला गेटवरच सांगून टाकता, की थोडे दिवस जाऊ देता?"

साहेबांना वाटलं, बाईंना चित्र आवडलं. त्यांनी कुठल्या पेंटरकडून काढून घेतलं ते सांगितलं.

मी तेव्हा तिथे केअरटेकर होते. केअरटेकर म्हणजे आयाच. पण ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना आया चालत नाही, केअरटेकर लागते. लोणी काळभोरच्या अलीकडे, सोलापूर रस्त्यापासून आत, उसाच्या रानात ही तीन मजली इमारत उभी होती. मी पुसदकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याला हडपसरला एका कंप्युटर कंपनीच्या गेटवर वॉचमनचं काम लागलं म्हणून एवढ्या लांब आलो. साहेबांनी मागच्या अंगाला राहायला खोली दिली होती. त्या खोलीसाठी मी त्यांच्या फोटोला हार घालायलाही तयार होते. पण नोकरीच्या अर्जावर मी 'दहावी पास' लिहिलं होतं, आणि त्या दोन शब्दांपायी साहेबांनी नुसती हाक मारली तरी मला वाटायचं, कळलं.

निमकरबाई यायच्या आधी तिथे एक मुलगी होती. तिचं काम म्हणजे ॲक्टिव्हिटी घेणे. साहेबांनी हा शब्द कुठल्याशा हॉटेलातल्या चर्चासत्रातून आणला होता. रोज साडेदहाला चाळीस म्हातारी माणसं गोल बसवायची आणि मध्ये फुगा सोडायचा. ज्याच्याकडे फुगा येईल त्याने तो टोलवायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. आमच्याकडे एक निवृत्त न्यायाधीश होते, सगळे त्यांना जज्जसाहेब म्हणायचे. एके काळी त्यांनी लोकांना जन्मठेपा दिल्या होत्या. तेही फुगा टोलवत. शुक्रवारी चित्र रंगवायचं, ते कायम पोपटाचं. लेलेआजी म्हणून एक होत्या, सदाशिव पेठेतल्या. त्यांनी रंग न लावता चित्राखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पोपट हिरवा असतो हे आम्हांस ठाऊक आहे.'

महिन्याच्या शेवटी या सगळ्याचे फोटो परदेशातल्या मुलांना ई-मेलने जात. वर लिहिलेलं असे, 'आनंदाचे क्षण'.

निमकरबाई आल्या होत्या स्वतःसाठी जागा बघायला. लग्न केलेलं नाही, नारायण पेठेतली दोन खोल्यांची जागा बिल्डरकडे जायच्या बेतात, वय चौसष्ट. "मलाही लागेलच, तर शुद्ध आहे तोवर बघून ठेवते," असं म्हणाल्या. साहेब त्यांना हॉलमध्ये घेऊन आले तेव्हा फुगा हवेत होता. बाई जज्जसाहेबांपाशी गेल्या.

"आपण हे कशासाठी करता?"

"संपलं की चहा देतात," जज्जसाहेब म्हणाले.

पुढच्याच महिन्यात फुग्याच्या मुलीला कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. साहेबांनी निमकरबाईंना फोन केला. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेली बाई आपल्या ई-मेलमध्ये चांगली दिसेल, असा त्यांचा हिशेब. बाई कसली नोकरी करत होत्या, हे त्यांनी विचारलंच नाही.

बेरोजगारांची नावं नोंदवून घेणाऱ्या सरकारी कचेरीत बाई खिडकीवर होत्या. दहावी-बारावी झालेली पोरं पहाटेपासून रांग लावायची, बाई कार्ड लिहून द्यायच्या आणि म्हणायच्या, "जागा निघाली की कळवू." दर तीन वर्षांनी पोरं नूतनीकरणाला यायची. आधी मिसरूड घेऊन, मग बायको घेऊन, मग टक्कल घेऊन. पुढे कंप्युटर आला, कंपन्या आल्या, पोरं परस्पर तिकडे जाऊ लागली आणि खिडकीसमोरची रांग आटली. बाई निवृत्त झाल्या तेव्हा रांगेत एक जण होता. तोही पत्ता विचारायला आलेला.

"तीस वर्षं मी लोकांची नावं लिहिली," त्या एकदा मला म्हणाल्या. "कामाला किती जण लागले ते विचारू नका. मी आशा वाटत होते, पगार घेऊन. आता हातून एक तरी खरं काम कुणाला मिळू दे, मग मी मरायला मोकळी. इथे खोटं काम कुणाला द्यायचं नाही, सुनंदाबाई."

मला पुण्यात 'सुनंदाबाई' म्हणणारं ते पहिलं माणूस. साहेब 'सुनंदा' म्हणायचे, बाकी सगळे 'ए केअरटेकर'.

पहिल्याच दिवशी त्यांनी फुगे नामदेवच्या हवाली केले. नामदेव आमचा लोणीचा स्वयंपाकी, त्याला लहान पोरं होती. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये ताटं सरकवायची एक खिडकी होती, तिच्यामागे बाई स्टूल घेऊन बसल्या. पुढ्यात पिवळी कार्डं, डाव्या हाताला रजिस्टर, छातीवर दोऱ्याने लोंबणारा चष्मा. कार्डावर वय नव्हतं, रोग नव्हता. नाव, शिक्षण, अनुभव आणि 'काय येतं' एवढेच रकाने. सगळ्यांनी रांगेत यायचं. चाकाच्या खुर्चीतल्यांनीही. एकदा लेलेआजींनी मध्ये घुसायचा प्रयत्न केला तेव्हा बाई वर न बघता म्हणाल्या, "आपण ब्याऐंशी वर्षं थांबलात, आणखी चार मिनिटं." एक ते दीड खिडकी बंद. आत बसून बाई स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी खायच्या. बाहेर कुणी ठोठावलं तर आतून आवाज यायचा, "जेवण चालू आहे." जसं काही ते आम्हाला माहीत नव्हतं.

लेलेआजींच्या कार्डावर बाईंनी लिहिलं, 'खोड काढता येते.' आणि त्यांना आमटीवर नेमलं. रोज सव्वाअकराला वाटीभर आमटी त्यांच्यासमोर ठेवायची, त्यांचा शेरा आल्याशिवाय ताटं वाढायची नाहीत. पहिल्या दिवशीचा शेरा होता, "आमटी आहे, हे ओळखू येतं." दुसऱ्या दिवशीचा, "कालची बरी होती, असं आज वाटतं." नामदेव खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, ही म्हातारी मला रिटायर करणार हाय." बाई म्हणाल्या, "तुम्ही करा ना तिला. चांगली आमटी करा, तिची नोकरी जाईल." नामदेव ते मनावर घेऊन बसला. महिनाभरात आमटी अशी झाली की मीही वाटी घेऊन मागे उभी राहायला लागले. लेलेआजींची नोकरी काही गेली नाही. त्यांनी मोर्चा भाताकडे वळवला.

जज्जसाहेबांकडे टीव्हीच्या रिमोटचा खटला सोपवला. क्रिकेट की मालिका, यावरून रोज भांडण व्हायचं. जज्जसाहेबांनी दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहून मागितलं, मग पुढची तारीख दिली, मग आणखी पुढची. दोन महिन्यांनी निकाल लागेपर्यंत मालिका संपून गेली होती. पण त्या दोन महिन्यांत कुणी भांडलं नाही. सगळे तारखेची वाट बघत राहिले.

माझंही कार्ड झालं. एके दुपारी खिडकी उघडल्याबरोबर बाई म्हणाल्या, "या, सुनंदाबाई. शिक्षण?"

मी म्हटलं, "दहावी."

बाई पेन टेकवून थांबल्या. लिहीनात. तीस वर्षं खिडकीवर बसलेल्या बाईला खोटं शिक्षण वासाने कळत असणार. मी मागे बघितलं, साहेब कुठे नाहीत ना. "सातवी," मी म्हटलं.

त्यांनी 'सातवी' लिहिलं. मग 'काय येतं' मध्ये त्या लिहीतच राहिल्या. माणूस न दुखवता कुशीवर वळवता येतं. औषध गुळात लपवता येतं. कुणाला कधी एकटं सोडायचं ते कळतं. अकरा गोष्टी झाल्या. "हे कार्ड माझ्याकडेच राहील," म्हणाल्या, आणि रजिस्टरच्या तळाशी घालून टाकलं. मी त्या दिवशी दोन माणसांना अंघोळ घालताना रडले. त्यांना वाटलं साबण डोळ्यांत गेला.

पण बाई मऊ नव्हत्या. एक काकू होत्या, त्यांना काही आठवत नसे. त्यांना टॉवेलच्या घड्या घालायचं काम होतं. चाळीस टॉवेल व्हायला असा किती वेळ लागणार. मग त्या हात चोळत बसायच्या. मला वाईट वाटलं. मी घड्या घातलेले टॉवेल मागे नेऊन विस्कटले आणि पुन्हा आणून ठेवले. काकू खुशीत कामाला लागल्या. दारात निमकरबाई उभ्या.

"कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा," मी म्हटलं. "त्यांना नाही कळत, बाई. त्यांना आठवत नाही."

"तुम्हाला आठवतं ना?"

बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या इमारतीच्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे काकूंकडे यायला लागले. परीट घड्या घालायचा, त्या बाईंनी बंद करवल्या. परीट खूश झाला. काकूंचं काम दुपारी चारपर्यंत पुरायला लागलं.

एकीचं कार्ड मात्र कोरं होतं. देवकीबाई, दौंडकडच्या. मुलगा राजेंद्र अमेरिकेत मोठ्या कंप्युटर कंपनीत. त्याने आईसाठी सगळ्यात महागडी खोली घेतली होती, एसीवाली. देवकीबाई त्या एसीत पदर लपेटून बसायच्या आणि चादरीचे धागे ओढायच्या. बोलायच्या नाहीत, जेवण दोन घास. डॉक्टरांनी साहेबांना सांगितलं होतं की असंच चाललं तर नळीने भरवावं लागेल. निमकरबाई रोज त्यांच्या खोलीत कार्ड घेऊन जायच्या, विचारायच्या, "काय येतं?" देवकीबाई धागा ओढत राहायच्या. बाई कार्ड मिटायच्या, पण 'जागा निघाली की कळवू' हे सवयीचं वाक्य देवकीबाईंना त्यांनी एकदाही ऐकवलं नाही.

फेब्रुवारीत आमच्या आवारातली चिंच झोडपली. वर्षभराच्या आमटीची चिंच, ढीगभर. बाईंनी सातआठ जणींना झाडाखाली बसवलं. मी देवकीबाईंना उन्हाला म्हणून खुर्चीत आणून ठेवलं. बायका चिंच अशी फोडत होत्या की निम्मा गर सालीला. मीही त्यातलीच.

"आधी शीर ओढ," कुणीतरी म्हणालं.

मी इकडेतिकडे बघितलं. देवकीबाई. "शीर आधी. मंग अंगठ्यानं चिंचेचं बोट फाकव. चिंचोका आपुन भाईर येतो. द्या हिकडं."

त्या खुर्चीतून उतरून जमिनीवर बसल्या आणि त्यांचे हात जे सुटले ते बघायलाच हवे होते. संध्याकाळी त्यांनी दीड भाकरी खाल्ली. निमकरबाईंनी कार्ड काढलं आणि जरा मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चिंच.' त्या दिवशी बसला जाताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या. तसं त्या कधी करत नसत.

साहेबांनी फोटो काढला. आनंदाचे क्षण.

पंधरा दिवसांत राजेंद्र येऊन उभा राहिला, बॅग हातातच. हॉलमध्ये सरळ खिडकीकडे आला.

"रांग आहे," निमकरबाई म्हणाल्या.

रांगेत फक्त लेलेआजी होत्या. त्यांना भाताबद्दल बोलायचं होतं आणि त्या सावकाश बोलल्या. राजेंद्र मागे उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा तो चांगलाच तापलेला होता.

"नाव?"

"मी देवकीबाईंचा मुलगा."

"मी नाव विचारलं."

"राजेंद्र. मॅडम, तुम्ही माझ्या आईला चिंच फोडायला बसवलंत?"

"बसवलं नाही. आम्हाला येत नव्हतं, त्यांना येत होतं. त्या बसल्या."

"तिला येणारच. बावीस वर्षं तिने तेच केलंय. गुलटेकडीला व्यापाऱ्याच्या गोदामात, मुकादमाच्या शिव्या खात. मी अभ्यासाला बसायचो तेव्हा तिची बोटं आंबून सोललेली असायची. मला ताट वाढताना ती पदराने धरायची. ते हात परत चिंचेत जाऊ नयेत म्हणून मी ही खोली घेतली. आणि तुम्ही मला फोटो पाठवता."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मागे साहेब येऊन थांबले होते, चेहरा पांढरा.

राजेंद्रने बाईंकडे निरखून बघितलं. "तुम्हाला मी ओळखतो. तुमच्या खिडकीवर माझं कार्ड आहे. बारावीनंतर काढलं होतं. अजून कळवलं नाहीत."

"नूतनीकरण केलंत?"

"नाही."

"मग कसं कळवणार," बाई म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि देवकीबाईंचं कार्ड उलटसुलट करून बघितलं, जणू त्याच्या पाठीवर काही लिहिलेलं सापडेल. "काय येतं, एवढंच विचारायची सवय," त्या हळू म्हणाल्या. "काय हवंय, हा रकाना आमच्या कार्डावर कधी नव्हताच."

स्टूलवरून उठून त्या बाहेर आल्या. खिडकी उघडी ठेवून. देवकीबाई चिंचेपाशी बसल्या होत्या त्या झाडाखाली गेल्या, मागे राजेंद्र, त्याच्या मागे साहेब, आणि मी लांबून.

"देवकीबाई, मी चुकले. मला सांगा, हे काम तुम्हाला हवंय का?"

देवकीबाईंनी मुलाकडे बघितलं, चिंचेकडे बघितलं. "न्हाय," म्हणाल्या.

राजेंद्रने सुस्कारा सोडला. साहेबांनीही.

"मला चिंच नको. जलमभर फोडली," देवकीबाई म्हणाल्या. "पर ह्या बाया फोडत्यात ते बघवत न्हाय. निम्मी चिंच उकिरड्यात. मला खुर्ची द्या आन् हितं बसवा. मी बोलंन ह्यांना."

"म्हणजे मुकादम," निमकरबाई म्हणाल्या.

"त्येच की. मी काय शिव्या द्यायची न्हाय. नुसतं बोलंन." मग मुलाला म्हणाल्या, "उभा काय ऱ्हायलास, राजा? बस. तुला तरी येतंय का बघू."

राजेंद्र त्याच्या भारी पॅन्टसकट मातीत बसला. पहिलं बोट फोडलं. देवकीबाई खुर्चीतून वाकल्या. "शीर ऱ्हायली." दुसरं. "शीर ऱ्हायली." तो दोन तास बसला. जाताना त्याचे अंगठे काळे झाले होते आणि साहेबांना तो म्हणाला, "त्यांना मुकादमच राहू द्या."

निमकरबाईंनी चाळीसच्या चाळीस कार्डांवर नवा रकाना आखला आणि खोल्याखोल्यांतून फिरून विचारलं. लेलेआजींना जे हवं होतं तेच चाललं होतं. जज्जसाहेब म्हणाले, "काही नको. मला कुणी काही विचारू नये." बाईंनी ते जसंच्या तसं लिहिलं. साहेब म्हणाले, "अहो, पण त्यांच्या मुलीला फोटो काय पाठवायचा? काहीतरी ॲक्टिव्हिटी दिसायला हवी." बाई म्हणाल्या, "चालू आहे ना. बसलेत ते."

खरं संकट आलं ते मात्र कौतुकातून. 'मुकादम आजीं'चा फोटो राजेंद्रने त्याच्या मित्रांना पाठवला, त्यांनी आणखी कुणाला, आणि पुण्यातल्या एका कंप्युटर कंपनीने कळवलं की त्यांच्या सेवा-दिवसाला दहा-बारा मुलंमुली आमच्याकडे येतील, आजींबरोबर चिंच फोडतील. साहेबांना आकाश ठेंगणं झालं. फक्त एक होतं. तो जुलै महिना होता. चिंच केव्हाच संपलेली.

साहेबांनी मार्केट यार्डातून पोतंभर चिंच आणवली. ती फोडलेलीच मिळाली. मग त्यांनी मला बोलावलं. "सुनंदा, परसात चिंचोके पडलेत ते धुऊन घे आणि यात घाल. बायका काढतील परत. फोटोपुरतं. आणि निमकरबाईंना सांगत बसू नकोस."

मी काय करणार होते? खोली साहेबांची. दहावी खोटी. मी दोन तास बसून एकेका चिंचेच्या पोटात चिंचोका भरला. टॉवेलच्या वेळी बाई काय म्हणाल्या होत्या ते मला त्या दोन तासांत सारखं ऐकू येत होतं, पण मी थांबले नाही.

सेवा-दिवशी एकसारखे निळे टी-शर्ट घालून पोरं आली. देवकीबाई खुर्चीत. ढीग पुढ्यात. त्यांनी चिंचेचं एक बोट उचललं, दाबलं, नाकाशी नेलं. "ह्यात चिंचोका भाईरून घातलाय," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं.

निमकरबाईंनीही बघितलं. मला वाटलं, आता संपलं. पण त्यांनी नजर काढून घेतली. साहेब घाईघाईने जवळ आले, "कोण म्हणतं असं? कुणी सांगितलं?"

"चिंचेने," बाई म्हणाल्या. "आत घ्या ही. इथे फोटोपुरतं काही होत नाही."

"अहो, मुलं एवढ्या लांबून काम करायला आलीत."

"मग त्यांना काम देऊ," बाई म्हणाल्या, आणि खिडकीमागे जाऊन बसल्या. टी-शर्टांची रांग लागली.

"काय येतं?"

"जावा," पहिला मुलगा म्हणाला. दुसरी म्हणाली, "टेस्टिंग." तिसरा जरा रुबाबात होता. "मी टीम लीड आहे."

"म्हणजे काय येतं?"

तो विचारात पडला. "लोकांकडून काम करून घेतो."

"ती जागा भरली," बाई म्हणाल्या आणि बोटाने देवकीबाई दाखवल्या.

मग त्यांनी सांगितलं, "एक काम इथे तीन आठवडे पडून आहे. सुनंदाबाई आणि त्यांच्याबरोबरच्या दोघी केअरटेकरना पुरं होत नाही. चाळीस माणसांच्या पायांची नखं. सुनंदाबाई, नेलकटर आणि कोमट पाणी."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी पळून गेलं नाही, हे खरं. आधी बोटाच्या टोकाने धरत होती, मग मांडीवर पाय घेऊन बसली. देवकीबाई काठी घेऊन फिरत होत्या. "भिजू दे आधी. घाई नको. कोपऱ्यात खोल जाऊ नको, रगत येईल." लेलेआजींनी टीम लीडच्या हातात पाय दिला आणि शेरा मारला, "आहे, पाऊल आहे, हे याला आता ओळखू यायला लागलंय." जज्जसाहेबांनी पाय खुर्चीखाली घेतले. एक मुलगी त्यांना समजवायला गेली तेव्हा बाईंनी तिला कार्ड दाखवलं, ती वाचून परत फिरली. साहेब कॅमेरा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. ज्या बाजूने बघावं त्या बाजूने नखंच दिसत होती. त्यांनी कॅमेरा मिटला.

त्याच संध्याकाळी साहेबांनी निमकरबाईंना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. चिंचोक्यांचं मी त्यांना आधी सांगून ठेवलं होतं का, हे साहेबांनी त्यांच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला. बाई एवढंच म्हणाल्या, की सुनंदाबाई हुकमाप्रमाणे वागल्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं कार्ड रजिस्टरच्या तळातून काढून त्यांनी बरोबर नेलं. साहेबांना ते कधीच दिसलं नाही. मी पुढे नऊ वर्षं तिथे काम केलं. खिडकीतून नुसती ताटं सरकायला लागली. देवकीबाई मात्र हटल्या नाहीत. नवीन फुगेवाली आली तेव्हा तिचे फुगे त्यांनी नीट फुगवून घेतले.

पण मला निमकरबाई दिसतात त्या सेवा-दिवसाच्याच दुपारच्या, साहेबांनी बोलावणं पाठवायच्या आधीच्या. सगळ्यांचं आटपलं होतं, पाणी फेकायचं बाकी होतं. बाई खिडकीत बसून रजिस्टरमध्ये नोंद करत होत्या. देवकीबाई काठी टेकत आल्या आणि खिडकीशी उभ्या राहिल्या.

"बाई, भाईर या. तुमचा नंबर हाय."

"माझं काही नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला कुनी इचारलं न्हाय, म्हनून काय न्हायच का? या."

निमकरबाई बाहेर आल्या. टेस्टिंगवाली मुलगी नव्या पाण्याचं घमेलं घेऊन बसली होती. बाईंनी चप्पल काढली, पातळ घोट्यापर्यंत उचललं आणि पाय पुढे केला. टाचेला भेगा होत्या, करंगळीला चिकटपट्टी. मुलीने पाऊल पाण्यात धरलं. बाईंना कुठे बघावं ते कळेना. त्यांनी रजिस्टर छातीशी धरलं, मग शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिलं, आणि दोन्ही हात मांडीवर रिकामे ठेवून त्या बसून राहिल्या.

"दुखतंय का, आजी?" मुलीने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "करा तुम्ही. सावकाश करा."